रोबो घेताय? आधी त्याचा चेहरा-मोहरा बघा

आमच्याकडे येणारे बहुतेक जण आधी बॅटरी किती वेळ चालते ते विचारतात. जरूर विचारा, पण रोबो दिसतो कसा हेही नीट बघा, कारण घरातली माणसं त्याच्याशी बोलणार की तो कोपऱ्यात पडून राहणार हे बरंचसं तिथेच ठरतं.

हलणाऱ्या वस्तूत आपल्याला लगेच जीव दिसतो. १९४४ साली हायडर आणि सिमेल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली, त्यात नुसते दोन त्रिकोण आणि एक गोल इकडेतिकडे सरकत होते, तरी बघणारे म्हणाले की मोठा त्रिकोण दादागिरी करतोय. मग डोळे मिचकावणाऱ्या रोबोत जीव वाटला तर नवल काय.

म्हणून हुबेहूब माणसासारखाच घ्यावा? नको. जपानचे रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय की रोबोचं माणसाशी साम्य वाढेल तसा आपलेपणा वाढतो आणि रोबो जवळजवळ हुबेहूब माणसासारखा दिसायला लागला की तो आपलेपणा एकदम घसरतो. त्यांचं उदाहरण कृत्रिम हाताचं होतं, दिसायला खरा पण हातात घेतला तर गार, मग दचकायला होणारच.

पारो नावाचा रोबो सीलच्या पिल्लासारखा बनवलाय, वृद्धाश्रमांत डिमेन्शिया झालेले आजी-आजोबा त्याला मांडीवर घेऊन कुरवाळतात. मांजर का नाही? तर मांजर सगळ्यांच्या ओळखीचं असतं, जरा फरक दिसला की खटकतं, सीलचं पिल्लू कुणी हातात घेतलेलंच नसतं. आम्हाला ही युक्ती फार आवडते.

तोंड दिलं की माणूस बोलायला जातो, हात दिले की उचलायला सांगतो, आणि ते जमलं नाही की चिडतो. म्हणून नुसता ट्रे नेणाऱ्या रोबोला आम्ही चेहरा लावतच नाही. उंचीचंही तसंच, खुर्चीत बसलेल्या माणसासमोर उंच रोबो आला की तो अंगावर आल्यासारखा वाटतो.

आणि एक, रोबोचं रडवेलं तोंड हा प्रोग्राम असतो, त्याला काही वाटत नसतं, हे घरातल्या मुलांना स्पष्ट सांगा. मुलांची माया मात्र खरी असते, त्यामुळे बिघडलेला रोबो त्यांच्यासमोर खोलू नका.

डेमोला येताना ज्यांच्यासाठी घेताय त्यांना सोबत आणाच, आणि आधी त्यांना रोबोजवळ जाऊ द्या, रोबोला त्यांच्याकडे नको.