पंक्तिप्रपंच

पंक्तिप्रपंच : एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना केलेला भेद. त्यावरून लक्षणेने, एकाच नात्याच्या, कामाच्या वा हक्काच्या माणसांना दोन वेगळी मापे लावणे. जुना पर्याय ‘पंक्तिभेद’. ‘दुटप्पीपणा’ हा शब्द जवळचा असला तरी एकरूप नाही. दुटप्पी माणसाच्या बोलण्यात आणि वागण्यात अंतर असते. पंक्तिप्रपंच करणारा एक शब्दही न बोलता तो करू शकतो, कारण त्याच्या हातात पळी असते. प्रस्तुत नोंद ग्रामीण विदर्भातील व्यवहारापुरती आहे.

व्युत्पत्ती : ‘पंक्ति’ शब्दाचा मूळ अर्थ ‘ओळ’ नसून ‘पाचांचा समूह’ असा असावा. पंक्ती या वैदिक छंदात आठ अक्षरांचे पाच चरण, म्हणजे 40 अक्षरे असतात. पाणिनीने (अष्टाध्यायी 5.1.59) वीस, तीस, चाळीस इत्यादी संख्यावाचकांच्या यादीत ‘पंक्ति’ हा शब्द पहिला दिला असून काशिकावृत्ती ही पाणिनीच्या सूत्रांवरील टीका त्याची सिद्धी ‘पञ्चन्’पासून करते. जेवणाऱ्यांची ओळ हा अर्थ धर्मशास्त्रात स्थिरावलेला दिसतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंगतीला पावन करणारे ‘पंक्तिपावन’ आणि पंगतीस अपात्र ठरवलेले ‘अपांक्तेय’ यांच्या लांबलचक याद्या आहेत. दुसरीकडे, निबंधग्रंथांत (धर्मशास्त्रावरील संकलनांत) उद्धृत होणारे एक स्मृतिवचन ‘पंक्तिभेदी’ माणसाला ‘वृथापाकी’ (केवळ स्वतःसाठी शिजवणारा) याच्याबरोबर महादोषी ठरवते. म्हणजे ओळीत कोणाला बसू द्यायचे नाही हे परंपरेने तपशिलाने ठरवले आणि एकदा बसलेल्यांत भेद करणे मात्र पाप मानले.

समासातील ‘प्रपंच’ या पदाबद्दल दोन मते संभवतात. एक, प्रपंच म्हणजे लबाडी. संस्कृत कोशांत हा अर्थ आहे. दुसरे, प्रपंच म्हणजे विस्तार, नानात्व; वेदान्तातील ‘भेदप्रपंच’ या प्रयोगासारखा. ‘पंक्तिभेद’ हा समानार्थी शब्द आधीपासून रूढ असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘पंगत’ हे रूप प्राकृत ‘पंति’तून सरळ आलेले दिसत नाही; ते अर्धतत्सम (संस्कृतातून उशिरा घेऊन थोडे बदललेले) मानावे लागते. प्राकृत वळणाने मराठीत ‘पांत’, ‘पात’ असे रूप अपेक्षित आहे. निंदणाऱ्या किंवा सोंगणाऱ्या (कापणी करणाऱ्या) मजुरांच्या ओळीला शेतात ‘पात’ म्हणतात, ती हीच असण्याचा बराच संभव आहे. ही गोष्ट पुढे मजुरीच्या संदर्भात उपयोगी पडते.

वाढपातील प्रकार : लग्न, तेरवी किंवा हनुमान जयंतीचा भंडारा अशा प्रसंगी समोरासमोर दोन ओळी बसतात, मधून वाढपी फिरतात. माणशी दीड ते दोन फूट जागा धरली तर पन्नास फूट टाटपट्टीवर पंचवीस-तीस पाने बसतात. (‘पान’ म्हणजे जेवणारा, पळसाच्या पत्रावळीवरून.) शंभर पानांना साधारण 8 ते 10 किलो तांदूळ आणि 5 ते 6 किलो तुरीची डाळ लागते.

भेद होतो तो बहुधा मोजता न येणाऱ्या पदार्थांत. लाडू प्रत्येकी दोन ठरले की चोरी लपत नाही. मोकळी बुंदी मुठीने पडते, तेथे मूठ सैल की आवळ हे वाढप्याच्या मनावर. आलू-वांग्याच्या भाजीत पळी वरच्यावर फिरवली तर तर्री (वर तरंगणारे तिखट तेल) येते, बुडातून काढली तर फोडी येतात, आणि मधूनच घाईत उचलली तर नुसता रस्सा. तुपाची धार ओळखीच्या माणसापाशी रेंगाळते. आग्रह हे आणखी एक माप: व्याह्याला ‘घ्या, घ्या’ म्हणून तीनदा, शेजारच्या पानाला ‘पाहिजे का?’ असे एकदाच. जावयाला पाट आणि ताट मिळते, पण त्याला कोणी पंक्तिप्रपंच म्हणत नाही; मान उघड आणि ठरलेला असल्याने तो खपतो.

काही भेद हेतूविना घडतात. वाढप नेहमी एकाच टोकाकडून सुरू केले तर शेवटच्या पानांवर भात पडेपर्यंत पहिल्यांचा मठ्ठा सुरू झालेला असतो आणि बादली रिकामी होते ती शेवटच्यांपाशीच. जाणते वाढपी म्हणून दुसरी फेरी उलट टोकाकडून घेतात, एका पदार्थाला एका ओळीत एकच माणूस ठेवतात आणि बादली निम्मी झाली की भरून आणतात. ‘वाढनारा आपला असला त कुठीबी बसा’ अशा अर्थाचे बोलणे वऱ्हाडात ऐकू येते, ते या टोकाच्या अडचणीवरच आहे.

पंगतीबाहेरचे : या शब्दाची मोठी मर्यादा अशी की तो ओळीच्या आतला अन्याय टिपतो, ओळीबाहेरचा नाही. शेवटच्या पंगतीला, उरल्यासुरल्यावर बसणाऱ्या घरच्या बायका किंवा पूर्वी मांडवाबाहेर वेगळ्या बसवलेल्या जाती यांच्या बाबतीत तो क्वचितच वापरला जातो. ज्यांचे जन्मस्थान परंपरेने बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणा राजा मानले जाते, त्या चोखामेळ्यांसोबत विठ्ठल जेवल्याची आख्यायिका याच बाहेरच्या पंगतीची आहे. रिद्धपूरचे गोविंदप्रभू (तेरावे शतक) यांच्या महानुभाव चरित्रपरंपरेतही जातीचे अन्ननिर्बंध न पाळल्याचे प्रसंग आढळतात. शेंडगाव (जि. अमरावती) येथे 1876 मध्ये जन्मलेले गाडगे महाराज खापरात जेवत; ताटापानांच्या मानपानाला ते एक उत्तरच होते. 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने हॉटेल, धर्मशाळा येथील प्रवेश व भांडी यांबाबतचा भेद शिक्षापात्र ठरवला.

लाक्षणिक उपयोग : घरात ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ या म्हणीने सांगितला जाणारा भेद सर्वपरिचित आहे. लेक माहेरी आठ दिवस राहिली तर हौस, सून राहिली तर तक्रार, हे त्याचे नेहमीचे रूप.

शेतातील उदाहरण अधिक नेमके आहे. एकाच पातीत, एकाच वेळी कामाला लागलेल्या बाईचा रोज (दिवसाची मजुरी) पुरुषापेक्षा कमी असतो. कारण सांगितले जाते ते डवरणी, फवारणी अशा ‘जड’ कामांचे. पण त्या दिवशी दोघेही विळा घेऊन तुरीच सोंगत असतात. समान मोबदला अधिनियम तर 1976 मध्येच झाला होता. कापसाच्या वेचाईत मात्र हा भेद जवळजवळ नाहीसा होतो, कारण दर किलोमागे ठरतो. गुत्त्याने (ठोक ठेक्याने) घेतलेल्या कामातही एकूण रक्कम आधी ठरते. वाटणी समान होईलच असे नाही.

शालेय पोषण आहारात माप नियमाने बांधलेले आहे: प्राथमिक वर्गांना दररोज माणशी 100 ग्रॅम, उच्च प्राथमिकला 150 ग्रॅम धान्य. कोठीतून धान्य किलोने निघते, पण ताटात पडते ते पळीनेच. वरण-भाताच्या दिवशी पातेले ढवळून वाढले नाही तर डाळ बुडाशी बसते. आधी आलेल्या मुलांना पाणी मिळते आणि घट्ट वरण रांगेत मागे उभ्या असलेल्यांच्या वाट्याला जाते.