आइस हॉकीतला होतकरू खेळाडू कसा जोखतात : पार्श्वभूमी

१९६३पर्यंत उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत, नव्हती. सहा क्लब ज्युनियर संघांना पैसा पुरवत आणि त्या बदल्यात तिथल्या मुलांवर हक्क ठेवत. मुलगा लहान असेल तर आईवडिलांची सही घेऊन ‘सी-फॉर्म’ भरून घेत. एकदा सही झाली की त्याचा व्यावसायिक खेळ त्या क्लबशी बांधला जाई. १९६१च्या वसंतात बॉस्टन ब्रुइन्सची माणसं ऑन्टारियोतल्या गॅनानोक्वेला दुसऱ्याच मुलांना बघायला गेली होती. नजरेत भरला तो बारा वर्षांचा बॉबी ऑर. पुढच्या वर्षी सही झाली, आणि ठरलेल्या गोष्टींत ऑर कुटुंबाच्या घराला नवा गिलावा करून देणंही होतं. त्या काळी पारखण्याइतकंच महत्त्व इतरांच्या आधी पोचण्याला होतं.

५ जून १९६३ला मॉन्ट्रियलच्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. २१ मुलं निवडली गेली, त्यांतली पाचच पुढे एनएचएलमध्ये खेळली. पहिला निवडलेला गॅरी मोनाहन १६ वर्षांचा होता. या वयात डोळ्यांत भरते ती मुख्यतः शरीराची वाढ. इतरांपेक्षा वर्षभर आधी वाढलेला मुलगा ताकदीच्या जोरावर गोल करतो आणि ती ताकद त्याचं कौशल्य म्हणून लिहिली जाते. १९६९पासून सगळे हौशी खेळाडू ड्राफ्टमध्ये आले, १९८०मध्ये पात्रतेचं किमान वय १८ वर स्थिरावलं. दरम्यान १९७५मध्ये जॅक बटन यांच्या पुढाकाराने लीगचा सेंट्रल स्काउटिंग विभाग, म्हणजे होतकरू खेळाडूंची पारख करणारा विभाग, सुरू झाला. या विभागाच्या याद्या चार : उत्तर अमेरिकेतले स्केटर (गोलरक्षक सोडून बाकीचे खेळाडू), तिथले गोली (गोलरक्षक), बाहेरचे स्केटर, बाहेरचे गोली.

ही विभागणी सोयीपुरती नाही. एनएचएलचा रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, साधारण ६१ बाय २६ मीटरचा, तर युरोपातला पारंपरिक रिंक ६० बाय ३० मीटरचा. चार मीटर जास्त रुंदीत कडेच्या खेळाडूला पक (खेळातली रबरी चकती) सावरायला क्षणभर जास्त मिळतो. तिथे शांत, हुशार वाटणारा मुलगा अरुंद बर्फावर बोर्डाला, म्हणजे कडेच्या भिंतीला, चिकटून पक गमावतो. म्हणून खेळाडूवरच्या अहवालात रिंकचं माप आणि समोरचे खेळाडू प्रौढ होते की त्याच्याच वयाचे, हे आधी लिहावं.

वयाचं गणित महिन्यांत करायचं. १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण झाले तरच त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी २०१५चा ड्राफ्ट हुकला, २०१६मध्ये तो पहिला निवडला गेला. एकाच यादीत जवळपास वर्षाचं अंतर असलेली मुलं शेजारीशेजारी असतात. त्यात कॅनडात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. वरच्या स्तरावर वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते, हे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५मध्येच दाखवलं होतं. आकडे वाचतानाही हीच सावधगिरी हवी : किती गुण (गोल आणि असिस्ट मिळून) पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, मिळाले, किती असिस्ट (गोलाला मदत करणारे पास) गोलाआधीच्या शेवटच्या पासचे आणि किती त्याच्या आधीच्या पासचे, हे वेगळं काढा. दर पाच शॉट्सना एक गोल होत असेल, तर पुढच्या हंगामात तो आकडा बहुधा खाली येणार.

खरा कस लागतो तो दुरुस्त होणारी उणीव आणि न होणारी उणीव वेगळी करताना. स्केटिंग घ्या. गुडघे ताठ, ढांग लहान, आणि पाय बाजूला रेटण्याऐवजी टाच मागे वर उडते, असा मुलगा पहिल्या तीन पावलांतच मागे पडतो. कारण बहुतेकदा घोट्याची लवचिकता आणि कमरेची ताकद यांत असतं, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्यावर काम होऊ शकतं. ल्यूक रोबिटाय स्केटिंगमुळेच १९८४मध्ये १७१व्या क्रमांकापर्यंत घसरला. त्याने पुढे ६६८ गोल केले. उलट खेळाची समज. कोपऱ्यातला पक उचलण्याआधी मुलगा खांद्यावरून मागे बघतो का, किती वेळा बघतो? बचावपटू असेल तर निळ्या रेषेवर, म्हणजे आपल्या बचावक्षेत्राच्या सीमेवर, समोरच्यापासून एक-दीड स्टिकचं अंतर राखतो की घाबरून मागे सरकत जातो? हे पक त्याच्याकडे नसताना बघायचं, पूर्ण शिफ्टभर, म्हणजे तो बर्फावर उतरल्यापासून बदली होईपर्यंत. अठराव्या वर्षी ही समज नसेल तर ती नंतर क्वचितच येते, असं आमचं ठाम मत आहे.

उंचीबद्दलचं मत नियमांनी बदललं. मार्टिन सेंट लुईला कुणीच ड्राफ्ट केलं नव्हतं, तरी २००४मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००५मध्ये अडवाअडवीवर कडक शिट्ट्या वाजू लागल्या, मधली लाल रेषा ओलांडणारा लांब पास वैध झाला, आणि छोटा-चपळ खेळाडू सगळ्यांनाच हवासा झाला. ड्राफ्टपूर्व शारीरिक चाचण्यांवर फार विसंबू नये. तिथे बर्फावरची एकही कसोटी नसते. २०१४मध्ये सॅम बेनेटला एकही पुल-अप जमला नाही. तो चौथा निवडला गेला आणि २०२५च्या स्टॅन्ले कप प्लेऑफमध्ये (एनएचएलच्या विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत) सर्वोत्तम खेळाडू ठरला.

गोलीचा अंदाज सर्वांत अवघड, कारण तो उशिरा पिकतो आणि त्याचे आकडे पुढच्या बचावफळीवर अवलंबून असतात. बघायचं ते हे : शॉट सुटण्याआधी तो थांबून स्थिर झालेला असतो का, रिबाउंड कोपऱ्याकडे जातो की समोरच पडतो, खांबाला लागून उभा असताना वरचा कोपरा उघडा राहतो का. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये पहिलाच निवडलेला खेळाडू गोली होता, रिक डिपिएट्रो. त्याच वर्षी स्वीडनच्या जुळ्या लुंडक्विस्ट भावांपैकी फॉरवर्ड योएल ६८वा गेला. पुढे नावाजलेला गोली हेन्रिक याच्यासाठी मात्र २०५व्या क्रमांकापर्यंत कुणी हात वर केला नाही.