फास्ट फूडचे अपाय आणि माध्यमे (मराठवाडा)

तळलेले, मैद्याचे, फार खारट किंवा फार गोड असे तयार खाणे वरचेवर खाल्ल्याने शरीराला काय अपाय होतात, ही माहिती मराठवाड्यातील लोकांपर्यंत वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, लोककला, शाळा आणि मोबाइल यांमधून कशी पोहोचत आली, याचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड आणि धाराशिव हे आठ जिल्हे येथे अभिप्रेत आहेत.

व्याप्ती : कोणते पदार्थ या सदरात मोडतात, याबाबत दोन वर्गीकरणे प्रचलित आहेत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) शाळांसाठी २०२० साली केलेल्या नियमांत संपृक्त वा ट्रान्स मेद (हृदयाला अपायकारक चरबीचे प्रकार), साखर आणि सोडियम (मिठातील घटक) जास्त असणे ही कसोटी धरली आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९पासून मांडलेले ‘नोव्हा’ वर्गीकरण प्रक्रियेचे प्रमाण पाहते. त्यातील चौथा गट अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा आहे. पहिल्या कसोटीने गाड्यावरचे भजे आणि दुकानातला बर्गर एका पंक्तीला बसतात. दुसऱ्या कसोटीने चिप्सची पुडी आणि झटपट नूडल्स चौथ्या गटात जातात; ताज्या बेसनाचे भजे मात्र त्यातून सुटते. पोषणशास्त्राच्या अलीकडच्या लेखनाचा कल नोव्हाकडे आहे. पण मराठवाड्यात तळणाचा गाडा हेच बाहेरच्या खाण्याचे मुख्य ठिकाण असल्याने येथे पहिली कसोटी अधिक उपयोगी ठरते.

प्रदेशातील तयार खाण्याचा इतिहास सांगताना काही लेखक थेट नान-खलियापर्यंत (नान आणि मटणाचा रस्सा) मागे जातात आणि मुहम्मद बिन तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलवली तेव्हाच्या लष्करी भटारखान्याशी त्याचा संबंध जोडतात. ही आख्यायिका लोकप्रिय आहे. तिच्यावर फार भार टाकू नये. शिवाय प्रसंगाला शिजणारे मांसाहारी जेवण आणि रोजचे चटकमटक खाणे यांत बरेच अंतर आहे. वडापावचा उगम सामान्यतः १९६६च्या सुमारास मुंबईत दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाल्याचे मानतात. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या या मुलखात पावाचा शिरकाव तालुक्याच्या बसस्थानकांवरून आणि कॉलेजांच्या फाटकांवरून, बहुधा १९८०नंतर झाला. चायनीजचे गाडे त्याच्याही नंतरचे. त्यापूर्वीचे बाहेरचे खाणे म्हणजे बाजाराच्या दिवशीचे भजे, जिलेबी, शेव-चिवडा आणि मुरमुऱ्याचा सुशीला.

वृत्तपत्रे : आ. कृ. वाघमारे यांनी १९३८च्या सुमारास सुरू केलेले ‘मराठवाडा’ हे पत्र आणि पुढे अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखालील त्याचा काळ हा प्रदेशातील मराठी पत्रकारितेचा पाया होय. त्या काळात अन्नाची बातमी टंचाईची असे. १९७२च्या दुष्काळात सुकडी (मदत म्हणून वाटलेले कोरडे पौष्टिक खाणे) आणि आयात केलेली लाल मिलो ज्वारी यांवर घरे चालली. त्यामुळे जास्त खाण्याने किंवा चुकीचे खाल्ल्याने आजार होतो, हा विषय वृत्तपत्रांत उशिरा आला यात नवल नाही. १९८२मध्ये ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती निघाली, २०११मध्ये ‘दिव्य मराठी’ याच शहरातून सुरू झाले, आणि पुरवण्यांची पाने वाढली तशी डॉक्टरांची आरोग्यसदरे रुजली. नांदेडचे ‘प्रजावाणी’, लातूरचे ‘एकमत’, बीडचे ‘झुंजार नेता’ अशा जिल्हा दैनिकांत हा विषय प्रामुख्याने छाप्याच्या बातमीच्या रूपाने येतो : अन्न व औषध प्रशासनाची धाड, जप्त केलेला साठा, नमुने प्रयोगशाळेकडे रवाना.

या बातमीचा साचा फास्ट फूडने घडवलेला नाही. तो विषबाधेच्या बातमीचा आहे. नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र या उपवासांच्या सुमारास भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात वर्षानुवर्षे येतात. ओलसर वा जुन्या भगरीवर वाढणाऱ्या बुरशीची विषे हे त्याचे सामान्यतः दिले जाणारे कारण. फेब्रुवारी २०२४मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात एका धार्मिक कार्यक्रमातील फराळानंतर सुमारे दोन हजार जण आजारी पडल्याचे वृत्त देशभर गेले. अशा बातमीला ठिकाण, वेळ, उलट्या-जुलाबांचे रुग्ण आणि दोषी पदार्थ असे सगळे एका दिवसात मिळते. रोजच्या मिठाने वीस वर्षांत चढलेल्या रक्तदाबाला यांपैकी काहीच नसते. म्हणून वडापाव पानावर येतो तो पाल सापडली तर. त्यातल्या तेलासाठी तो सहसा येत नाही.

२०१५चे मॅगी प्रकरण हे याचे ठळक उदाहरण. उत्तर प्रदेशातील नमुन्यात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत १७.२ भाग आढळले. मर्यादा २.५ भागांची होती. ५ जूनला एफएसएसएआयने विक्री थांबवण्याचा आदेश दिला आणि महाराष्ट्रातही बंदी आली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. कंपनीला म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी दिली नव्हती आणि चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नव्हत्या, असे न्यायालयाचे निरीक्षण होते. नव्या चाचण्यांनंतर नोव्हेंबरमध्ये माल परत बाजारात आला. त्या पाच महिन्यांत गावोगावच्या वाचकाला ‘शिसे’ हा शब्द पाठ झाला. नूडल्समधील मैदा, तळणाचे तेल आणि मसाल्याच्या पुडीतले मीठ यांवर त्या मानाने फार थोडे छापले गेले. शिसे नाही असे ठरताच पदार्थ निर्दोष असल्याची समजूत पक्की झाली, हा त्या वार्तांकनाचा परिणाम मानावा लागतो.

अजिनोमोटोचा प्रश्न : मराठी आरोग्यसदरांत चायनीजच्या गाड्याविरुद्ध सर्वांत जास्त वापरला गेलेला मुद्दा अजिनोमोटोचा आहे, म्हणून त्याचा थोडा तपशील देणे योग्य होईल. मोनोसोडियम ग्लुटामेट हा क्षार जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये समुद्रशेवाळाच्या काढ्यातून वेगळा केला. अजिनोमोटो हे त्याचे व्यापारी नाव. १९६८मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डॉक्टरांनी लिहिलेल्या पत्रात चिनी उपाहारगृहातील जेवणानंतर मान बधिर होते, धडधडते असा अनुभव नोंदवला होता, आणि संशयितांच्या यादीत हा क्षार होता. पुढे नियंत्रित चाचण्यांत हा संबंध सातत्याने दिसला नाही. काही संवेदनशील व्यक्तींना मोठ्या मात्रेत, रिकाम्या पोटी तात्पुरता त्रास होऊ शकतो, एवढेच मत आज सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले जाते. भारतातील नियमांनुसार तो घातल्यास वेष्टनावर तसे लिहावे लागते आणि बारा महिन्यांखालील बालकांना देऊ नये असा इशारा असतो. टोमॅटोतही नैसर्गिक ग्लुटामेट असते. अजिनोमोटोत सोडियम सुमारे १२ टक्के, तर साध्या मिठात सुमारे ३९ टक्के. गाड्यावरच्या मंचुरियनमध्ये मीठ आणि सोया सॉस यांतून येणारे सोडियम ही खरी चिंतेची बाब असून, मराठी सदरलेखकांनी ती चिमूटभर पांढऱ्या पुडीच्या आड जाऊ दिली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते.

तेलाबाबतचे वार्तांकन तुलनेने बरे आहे. जुलै २०१८पासून तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारी द्रव्ये) २५ टक्क्यांच्या वर गेल्यास ते तेल वापरण्यास मनाई आहे. ट्रान्स मेदाची मर्यादा जानेवारी २०२१मध्ये ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२मध्ये २ टक्क्यांवर आणली गेली. या आकड्यांपेक्षा ‘काळे पडलेले, फेसाळणारे तेल’ हे वाचकाला ओळखता येणारे लक्षण जिल्हा दैनिकांनी अधिक वापरले, आणि ते योग्यच होते. येथे एक विसंगती नोंदवायला हवी. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, कारण शाईतील रंग व जड धातू गरम तेलकट पदार्थात उतरतात, अशी सूचना एफएसएसएआयने डिसेंबर २०१६मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२३मध्ये दिली. तरीही भज्यांचा पुडा रद्दीतच बांधला जातो. तळणाचे दुष्परिणाम सांगणारे आरोग्यपान असे कधीकधी तळणासकट घरी येते.

छायाचित्रांची निवड हाही एक दोष आहे. लेख कुठल्याही जिल्ह्याचा असो, सोबत चित्र पिझ्झा-बर्गरचेच असते. खेड्यातल्या मुलाच्या हातात असते ती पाच रुपयांची पुडी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत, पहाटे फडावर निघालेल्या आईबापांमागे राहिलेल्या लेकरांची न्याहारी बिस्किटे आणि अशा पुड्यांवर भागते. आपल्याविषयी काही लिहिले आहे, हे बर्गरच्या चित्रावरून त्या घराला कळण्याचा संभव नाही. दुसऱ्या बाजूने, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे वा लठ्ठ आढळले, तर महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके खुरटलेली (वयाच्या मानाने उंची कमी) आढळली. एकाच घरात कुपोषण आणि स्थूलता नांदते, ही गोष्ट वृत्तपत्रांनी क्वचितच एकत्र मांडली.

आकाशवाणी : परभणी केंद्र (१९६८च्या सुमारास) हे प्रदेशातील श्रोत्यांचे जुने केंद्र. १९७२मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याचे तज्ज्ञ आणि गृहविज्ञान शाखा (आता सामुदायिक विज्ञान) यांमुळे शेतीबरोबर आहाराचे बोलणेही प्रसारणाच्या आवाक्यात आले. आकाशवाणीची पद्धत भीती घालण्यापेक्षा पर्याय सांगण्याची राहिली : धपाटे, ज्वारीच्या लाह्या, शेंगदाण्याची चिक्की. या विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण २०१८मध्ये प्रसारित झाले आणि २०२३च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात अशा चर्चेला निमित्त मिळाले. खासगी एफएममध्ये आरोग्याचा सल्ला दोन गाण्यांमध्ये येतो, आणि पुढची जाहिरात बऱ्याचदा खाण्याचीच असते.

दूरचित्रवाणी : १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झालेल्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात (साइट) सहा राज्यांतील खेड्यांना शेती, आरोग्य आणि आहाराचे कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेजारच्या कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे होते. त्यांपैकी पहिले दोन जुन्या हैदराबाद संस्थानात मराठवाड्याचे सोबती. त्यामुळे सीमेपलीकडच्या खेड्याला दूरचित्रवाणी प्रथम शिक्षिका म्हणून भेटली, तर मराठवाड्यात ती आली १९८०नंतर, प्रायोजित मालिका आणि जाहिराती घेऊन. झटपट नूडल्स भारतात याच काळात, १९८३च्या सुमारास आल्या. सावधगिरीच्या संदेशाआधी जाहिरात पोहोचली, हा क्रम पुढे बदलला नाही. मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर चिप्स, शीतपेये यांसारख्या पदार्थांच्या जाहिराती करू नयेत, हे केंद्राच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत २०२२मध्ये आले. मुले मोठ्यांसोबत पाहतात त्या मालिका आणि क्रिकेटचे सामने त्याबाहेर राहिले.

लोकमाध्यमे : पैठणच्या एकनाथांच्या भारुडाचा बाज, शाहिरी आणि कलापथक यांचा उपयोग शासनाने स्वच्छता, लसीकरण, व्यसनमुक्ती यांसाठी केला. केंद्राचा गीत व नाटक विभाग (१९५४) डिसेंबर २०१७मध्ये इतर प्रसिद्धी विभागांत विलीन झाला. आहाराचा विषय या परंपरेत प्रामुख्याने हरिनाम सप्ताहातील कीर्तनकारांनी जिवंत ठेवला. ‘घरची भाकर सोडून गाड्यावर रांग’ या धाटणीचा टोला मंडपात हमखास हशा घेतो. आशा कार्यकर्ती हेही एक माध्यमच. असंसर्गजन्य आजारांसाठी ती तीस वर्षांवरील व्यक्तींचा जो तपासणी अर्ज भरते, त्याच्या गुणांकनाच्या भागात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि कौटुंबिक इतिहास विचारला जातो. काय खाता, हा प्रश्न त्यात नाही.

शाळा : राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मे २०१७मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकण्यास मनाई केली. २०२०च्या नियमांनी शाळेच्या आवारापासून ५० मीटरपर्यंत विक्री व जाहिरातही रोखली. तालुक्याच्या गावात शाळेचे फाटक, पानटपरी आणि चायनीजचा गाडा हे सगळे ५० मीटरच्या आतच असतात, त्यामुळे हा नियम मुख्यतः फलकावर दिसतो. मे २०२५मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले. जिल्हा परिषदेच्या शाळा त्या मंडळाच्या कक्षेत येत नाहीत.

मोबाइल : २०१८मध्ये कुरकुरेमध्ये प्लास्टिक असल्याचा दावा करणाऱ्या मजकुराविरुद्ध कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. तुकडा काडीने पेटवून दाखवणाऱ्या चित्रफिती मराठवाड्यातील व्हॉट्सॲप गटांतही फिरल्या. पिष्ट आणि तेल असलेला कोरडा पदार्थ पेटतोच, पण प्लास्टिकची अफवा या साध्या खुलाशापेक्षा जास्त दूर गेली. याउलट एप्रिल २०२३मध्ये समाजमाध्यमांवर खाद्यपदार्थांविषयी चित्रफिती करणारे रेवंत हिमतसिंगका यांनी एका लोकप्रिय चॉकलेट पेयातील साखरेवर केलेली चित्रफीत कंपनीच्या नोटिशीनंतर मागे घ्यावी लागली, तरी वेष्टनावरची माहिती वाचण्याची सवय तिने अनेकांना लावली. जुलै २०२५मधील समोसा-जिलेबीची बातमी या दोहोंच्या मधली म्हणता येईल. कार्यालयांत तेल व साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्याच्या केंद्राच्या सूचनेवरून, आणि त्यात नागपूरच्या एम्सचे नाव आल्यावरून, सिगारेटप्रमाणे आता समोशावरही इशारा छापणार अशी बातमी पसरली. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापण्याचा कोणताही आदेश नसल्याचा खुलासा केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने १५ जुलैला केला. हसण्यावारी का होईना, समोशात किती तेल असते यावर त्या आठवड्यात चहाच्या टपऱ्यांवर जितके बोलले गेले, तितके राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मे २०२४मधील सतरा आहारसूत्रांवर बोलले गेले नव्हते. ही संस्था हैदराबादची, म्हणजे नांदेडहून मुंबईपेक्षा कितीतरी जवळची.

उर्दू वाचकवर्गासाठी छत्रपती संभाजीनगरचे ‘औरंगाबाद टाइम्स’ आणि नांदेडचे ‘वरक-ए-ताजा’ ही दैनिके आहेत. रमजानमध्ये रात्रभर चालणाऱ्या खाद्यबाजारांमुळे तळण, शरबते आणि मधुमेहींचा रोजा या विषयांना त्या महिन्यात स्वाभाविक वाव असतो.