वर्गणीचा कर झाला, मग पेठेत राहणाऱ्यांचं काय?

बाजारपेठेची सुधारणा म्हटली की आपल्याकडे लगेच पेव्हर ब्लॉक, नक्षीचे दिव्याचे खांब आणि सेल्फी पॉईंट डोळ्यासमोर येतो. बाहेरच्या देशांत बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, थोडक्यात बीआयडी, म्हणून जे चालतं ते जरा वेगळं आहे. कोकणातल्या माणसाला सांगायचं तर आधी वर्गणी होती, तिचा कर केला, इतकीच मूळ गोष्ट.

सुरुवात टोरांटोची. ब्लूर स्ट्रीटच्या पश्चिमेकडच्या पेठेत 1960 च्या दशकात गिऱ्हाईक आटलं, कारण भुयारी रेल्वे आली आणि ट्राममधून उतरून दुकानात डोकावणारी माणसं जमिनीखालून जायला लागली, त्यात परत मॉल उघडले. (कणकवलीत आता हायवे डोक्यावरच्या पुलावरून जातो आणि खालचा चहावाला वर बघत बसतो, तसंच.) व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बघितली, पण दिवे लागतात सगळ्यांच्या दारात आणि पावतीपुस्तक दिसलं की काहींचं शटर अर्धं खाली येतं. म्हणून कायदाच करून घेतला आणि 1970 ला पहिला असा पट्टा झाला. हद्दीतल्या प्रत्येक धंद्याने पैसे द्यायचे, नगरपालिकेने करासोबत वसूल करायचे आणि पेठेच्या मंडळाला परत करायचे. मग अमेरिका, दक्षिण आफ्रिका, इंग्लंडात 2003 चा कायदा, जर्मनीत 2005 ला हॅम्बुर्ग, असं ते पसरत गेलं.

यात तिथे राहणारी माणसं कुठे होती? सुरुवातीला जवळजवळ कुठेच नाही. फूटपाथ झाडला गेला, रात्री उजेड आला, हा त्यांचा फायदा धरायचा. आणि हे एकदा कोर्टात गेलं, ते प्रकरण मला सगळ्या इतिहासात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न्यूयॉर्कला ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या आजूबाजूला असाच मोठा बीआयडी. झाडूवाले स्वतःचे, सिक्युरिटी स्वतःची. मंडळावर जागामालक बहुमतात, कारण राज्याचा कायदाच तसा, आणि घर भाड्याने घेऊन राहणारे जितके असतील त्या सगळ्यांना मिळून प्रतिनिधी एक. तिथल्याच रहिवाशांनी केस टाकली की हे मंडळ आमच्या रस्त्यावर सरकारसारखं वागतं, मग निवडणूकही सरकारसारखीच करा, माणशी एक मत. 1998 ला अपील कोर्टाने नाही म्हटलं. कोर्टाचं म्हणणं असं की हे काही सरकार नाही, याचं काम ठराविक, धंदा वाढवण्यापुरतं, शहर जे करतं त्यात थोडी भर, आणि पैशाचा भार मुख्यतः मालकांवर, तेव्हा त्यांचा शब्द जड असला तर गैर नाही. निकाल एकमताने नव्हता, एका न्यायाधीशाला हे पटलं नव्हतं. मला विचाराल तर त्याचंच बरोबर होतं, झाडू आणि शिपाई दोन्ही ज्याच्या हातात त्याला नुसतं व्यापारी मंडळ कसं म्हणायचं.

पैसे देणाऱ्याचं मत, हे ऐकायला सरळ आहे. पण आपल्याकडे वर्गणी निघते ती घरटी. शिमग्याची असो की देवळाच्या कौलांची, माडीवाल्याला आणि चार वाश्यांच्या घराला आकडा सारखाच, आणि मग बैठकीत बोलायचा हक्कही सारखाच (मानपानाचं राजकारण वेगळं, ते कुणाला चुकलंय). घरटी आणि मालमत्तेच्या किमतीप्रमाणे हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि बीआयडी दुसऱ्या हिशेबावर उभा आहे. इंग्लंडात तर मतदानात दोन्ही बघतात, निम्म्याहून जास्त मतं पण हवीत आणि त्या मतांमागची करपात्र किंमत पण निम्म्याहून जास्त हवी. मुदत पाच वर्षांपर्यंत, पुढे परत मतदान. राहणाऱ्याला मत नाही.

आता मालवण, वेंगुर्ला किंवा राजापूरच्या जुन्या पेठेतलं घर घ्या. पुढे फळ्या लावायचं दुकान, मागे माजघर, त्याच्यामागे परसू आणि विहीर. दुपारी दीडला दुकानदार फळ्या लावतो, चार पावलं मागे जाऊन जेवतो, झोपतो आणि साडेचारला परत गल्ल्यावर. हा व्यापारी की रहिवासी? आणि शेजारचं दुकान भाड्याचं, मालक चाकरमानी, गणपतीला येतो. फूटपाथ सुधारल्यावर भाडं वाढणार त्याचं, सेस, म्हणजे पेठेचा हा जादा कर, भरणार भाडेकरू. न्यूयॉर्कचा नियम इथे लावला तर जड मत डोंबिवलीला जाईल.

‘सुधारणा’ या शब्दाचाही अनुभव काही बरा नाही. प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत सुधारणेसाठीच खास संस्था काढली होती, रस्ते रुंद झाले आणि दाटीतली माणसं उठली, त्यात आपले गिरणीत राबणारे पण होते.

अलीकडे थोडं बदललंय. इंग्लंडात 2011 च्या कायद्याने धंद्याच्या भागाचा विकास आराखडा करताना दोन मतदानं ठेवली, एक धंदेवाल्यांचं, एक रहिवाशांचं, आणि 2015 ला मिल्टन कीन्झमध्ये तशी झाली पण. ते आराखड्यापुरतंच, सेसला लागू नाही. आपल्याकडे कर लावायचा अधिकार नगरपरिषदेचा, पेठेचा नाही. मात्र 2014 च्या फेरीवाला कायद्यातल्या शहर समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांना, त्यातल्या एक तृतीयांश बायकांना, आणि रहिवासी संघटनांनाही खुर्ची आहे. म्हणजे टोपली घेऊन बसणाऱ्या मासळीवालीला कायद्याने जे मिळालं ते ग्रँड सेंट्रलच्या भाडेकरूला मिळालं नव्हतं. उलट कुडाळ, देवगडसारख्या गावांची नगरपंचायत झाली तशी ग्रामसभा गेली, जिथे दुकान नसलेला माणूसही उठून गटाराचं विचारू शकायचा.

22 जुलै 2021 ला चिपळूणची पेठ बुडाली तेव्हा खालची दुकानं आणि मागची घरं एकाच पाण्यात होती. त्याच हिवाळ्यात वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण झालं, त्यात व्यापारी आणि साधे रहिवासी एकाच मांडवात बसले होते.