‘फायबर मारणं’ आणि हार्डनरचा घोळ : पार्श्वभूमी

बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या जुन्या कौलारू घरांत दोन छपरांमधली पन्हळ गळायला लागली की पूर्वी डांबर आणि गोणपाट लावत. आता गवंडी ‘फायबर मारूया’ म्हणतो, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई (मॅट) अंथरून तिच्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, मुरवायचा. काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन ही जोडी अमेरिकेत १९३० ते १९४०च्या दशकांत जमली. महायुद्धात विमानांवरच्या रडारची आवरणं तिच्यातून झाली, १९५३ साली मोटारीची सबंध बॉडी. घरदुरुस्तीत ती बरीच उशिरा आली, आणि येताना एक शब्द चुकीच्या अर्थाने घेऊन आली : हार्डनर.

आपल्याला हार्डनर माहीत झाला तो एम-सीलसारख्या इपॉक्सीमुळे. तिथे दोन भाग एकमेकांत मिसळून नवा पदार्थ होतो, म्हणून प्रमाण ठरलेलं. पॉलिएस्टरसोबत जी छोटी बाटली मिळते, तिलाही दुकानात हार्डनरच म्हणतात. ते आहे पेरॉक्साइड. ते फक्त क्रिया सुरू करून देतं, एरवी रेझिन स्वतःच स्वतःशी जुळत जातं. म्हणून ते वजनाने साधारण शंभराला एक ते दोन एवढंच लागतं. किलोभर रेझिनला दहा ते वीस ग्रॅम. “काका, पावसाचे दिवस, जरा जास्त घाला” हे वाक्य खानापूरच्या बाजूला मी कितीदा ऐकलंय. जास्त घातलं की रेझिन डब्यातच तापून गोठतं, थर चिरतो. शिवाय पेरॉक्साइड ज्या तेलकट द्रवात विरघळवलेलं असतं, तोही थरात अडकून त्याला मऊ करतो.

रेझिन लवकर धरावं म्हणून घालायच्या जांभळ्या कोबाल्टची बाटली वेगळी मिळत असेल तर कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. या दोन बाटल्या थेट एकमेकींत ओतल्या तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. हे दुकानदाराने दर वेळी बजावून सांगायला हवं.

पावसाळ्यात खरी अडचण थंडीची नसतेच. जुलैत बेळगावचा पारा वीस-पंचवीसच्या आसपास असतो, तेवढ्यात रेझिन व्यवस्थित धरतं. अडचण ओलीची असते. धाग्यांवर दमट हवा बसली की रेझिन त्यांना भिजवत नाही. ओल्या सिमेंटमधला क्षार तर पॉलिएस्टरला हळूहळू खातो, आणि दोन वर्षांत पापुद्रा सुटतो. त्यामुळे सिमेंटची टाकी किंवा गच्ची असेल तर मी इपॉक्सीच्या बाजूचा, महाग असलं तरी. पत्र्याला आणि आधीच्या फायबरला पॉलिएस्टर पुरतं.

पण इपॉक्सी घेऊन मॅट तीच वापरली तर पैसे पुन्हा वाया जातात. विस्कटलेल्या धाग्यांची मॅट ज्या डिंकाने धरलेली असते, तो बहुधा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननेच विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट ताठ राहते, हवेचे फुगे उरतात. तिथे विणलेलं कापडच लागतं.

अलीकडे गच्चीवर ॲक्रिलिक रंगाच्या दोन थरांमध्ये पातळ जाळी घालतात. तिलाही ‘फायबर’च म्हणतात. ती जाळी रंगाला तडा जाऊ नये एवढ्यासाठी असते. पन्हळीचं फुटलेलं तोंड तिने जोडता येत नाही, त्याला मॅटचे दोन-तीन थर लागतातच.