मुद्दाम वाकडी बांधलेली गाडी

"त्यात काय, नुसतं गोल गोल तर फिरायचं!" अमेरिकेतल्या स्टॉक कार, म्हणजे साध्या मोटारींच्या धाटणीच्या गाड्यांच्या, शर्यतीचा व्हिडिओ कुणालाही दाखवा, हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. फॉर्म्युला वनचे चाहते तर ते जरा जास्तच ठासून म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅसकारने, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या संस्थेने, हंगामाआधीची प्रदर्शनीय शर्यत, 'क्लॅश', नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियमवर घेतली. चेस एलियट जिंकला. त्या वेळीही हाच शेरा कानावर आला आणि तेव्हापासून या विषयावर लिहायचं मनात होतं. कारण एकाच बाजूला वळायचं आहे हे एकदा पक्कं झालं, की गाडी बांधणाऱ्याला अशा काही गोष्टी करता येतात ज्या दोन्ही बाजूंना वळणाऱ्या गाडीत करताच येत नाहीत. त्यातलं भौतिकशास्त्र मला रस्त्यावरच्या कुठल्याही महागड्या स्पोर्ट्स कारपेक्षा सुंदर वाटतं.

आधी जागा समजून घेऊ. बोमन ग्रे हे मुळात अमेरिकन फुटबॉलचं मैदान. १९३० च्या दशकातल्या महामंदीत सरकारी रोजगार योजनेतून ते उभं राहिलं. विन्स्टन-सेलम स्टेट विद्यापीठाचा संघ आजही तिथे खेळतो. मैदानाला वळसा घालून पाव मैलाचा, म्हणजे सुमारे ४०० मीटरचा, डांबरी ट्रॅक आहे. १९४९ पासून उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री तिथे नॅसकारच्या शर्यती होतात. सुमारे १७,००० लोक बसू शकतात. नॅसकारचा दिग्गज ड्रायव्हर रिचर्ड पेटी याने आपला शंभरावा विजय १९६९ मध्ये इथेच मिळवला. एरवीच्या शनिवारी मात्र इथे स्थानिक मंडळी गाड्या पळवतात: स्वस्तातल्या चार सिलिंडरच्या 'स्टेडियम स्टॉक', मग 'स्ट्रीट स्टॉक', 'स्पोर्ट्समन' आणि सगळ्यात वर मानाच्या 'मॉडिफाइड', ज्यांची पुढची चाकं बॉडीच्या बाहेर उघडी असतात. जागा इतकी अरुंद की गाड्या एकमेकींना घासणार हे ठरलेलंच. या स्टेडियमला 'मॅडहाउस' म्हणतात ते उगाच नाही.

या ट्रॅकची खरी गोम अशी की तो सपाट आहे. टेनेसीतल्या ब्रिस्टलचा ट्रॅक याच्या दुपटीहून थोडा मोठा, पण तिथली वळणं २४ ते २८ अंशांनी आत कललेली आहेत. त्यामुळे गाडीला वळवण्याच्या कामात रस्ताच मदत करतो. बोमन ग्रेवर ती मदत नाही. वळणाची त्रिज्या ४० मीटर आणि वेग ताशी ७५ किलोमीटर धरला, तर गाडीला आत खेचणारं त्वरण गुरुत्वत्वरणाहून थोडं जास्तच भरतं. म्हणजे गाडीच्या वजनाएवढं बल आडव्या दिशेने हवं, आणि ते पुरवायला आहेत फक्त चार टायर. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकलेला तुकडा फार मोठा नसतो.

आता पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, उभी असलेली मॉडिफाइड गाडी समोरून बघा. पुढची दोन्ही चाकं एकाच बाजूला, गाडीच्या डावीकडे, कललेली दिसतात. डावं चाक वरून बाहेर झुकलेलं, उजवं वरून आत. आपल्या गाडीची चाकं अशी दिसली तर मेकॅनिक कपाळाला हात लावेल. इथे मात्र वळणावर गाडी उजवीकडे झुकली की दोन्ही टायर डांबरावर नीट बसतात. कारण घड्याळाच्या उलट दिशेने फिरताना सगळी वळणं डावीच.

पण मला सगळ्यात आवडते ती करामत मागच्या चाकांत आहे. तिला 'स्टॅगर' म्हणतात.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. रिक्षापासून ट्रकपर्यंत सगळीकडे यासाठी डिफरन्शियल बसवलेलं असतं. त्यामुळे एका आसाची दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. डिफरन्शियलचा एक दोष आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं, आणि तो पीळ ज्या चाकाची पकड कमी आहे त्याच्या ऐपतीएवढाच राहतो. जोरात वळताना आतलं चाक हलकं होतं, जागच्या जागी गरगर फिरतं आणि इंजिनाची ताकद वाया जाते. म्हणून अशा शर्यतींच्या बऱ्याच गाड्यांत डिफरन्शियल काढूनच टाकतात. त्याच्या जागी 'स्पूल' नावाचा साधा पोलादी तुकडा येतो आणि दोन्ही मागची चाकं एका दांड्यात जखडली जातात. ती आता सारख्याच गतीने फिरणार.

मग वळायचं कसं? जखडलेली चाकं गाडीला सरळ नेऊ पाहतात. गो-कार्टमध्येही मागचा दांडा असाच अखंड असतो. कोल्हापूरजवळच्या कार्टिंग ट्रॅकवर लक्षपूर्वक पाहिलंत तर दिसेल, की वळताना कार्टचं आतलं मागचं चाक क्षणभर उचललं जातं. स्टिअरिंगच्या रचनेतच ती सोय असते आणि तीन चाकांवर कार्ट सुटते. कार्टला दोन्हीकडे वळायचं असतं, म्हणून हा उपाय.

फक्त डावीकडे वळायचं असेल तर याहून सरळ उपाय आहे. उजवं चाक मोठं लावायचं, डावं लहान. घरातला निमुळता स्टीलचा पेला फरशीवर आडवा ठेवून हलकेच ढकलून बघा. तो सरळ जात नाही, अरुंद बुडाच्या बाजूला वळत गोल फिरतो. तोंड आणि बूड एकाच गतीने फिरतात, पण रुंद तोंड प्रत्येक फेरीत जास्त फरशी ओलांडतं. स्टॅगर लावलेला मागचा आस म्हणजे नेमका हा पेला. त्याला डावीकडे वळायला कुणी सांगावं लागत नाही.

किती फरक हवा, हे शाळेच्या भूमितीने काढता येतं. आतल्या आणि बाहेरच्या चाकांच्या वाटांचं गुणोत्तर त्यांच्या त्रिज्यांवरून मिळतं. त्यामुळे परिघातला फरक म्हणजे टायरचा परीघ गुणिले दोन चाकांमधलं अंतर, भागिले वळणाची त्रिज्या. परीघ २.१ मीटर, चाकांमधलं अंतर १.६ मीटर आणि त्रिज्या ४० मीटर घेतली, तर उत्तर येतं ८.४ सेंटीमीटर. व्यासात हा फरक जेमतेम २.७ सेंटीमीटरचा. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याच्या तो लक्षातही येणार नाही.

पण वळणासाठी अचूक असलेला हा फरक सरळ भागात अडचणीचा ठरतो. तिथे दोन्ही चाकांनी सारखं अंतर जायला हवं, आणि ती तर एका फेऱ्यात वेगवेगळं अंतर मागतात. मग उजवा टायर पुढे रेटतो, डावा मागे ओढतो, दोन्ही थोडेथोडे घसटत जातात आणि गाडीचं नाक सतत डावीकडे ओढलं जातं. सरळ जाण्यासाठी ड्रायव्हरला स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावं लागतं. घर्षणात वेगही जातो आणि टायरही तापतात. म्हणून हिशेबाने येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी स्टॅगर ठेवणं हा नेहमीचा तोडगा. तो फारच कमी ठेवला तर वळणावर गाडी वळायला तयार होत नाही, तिला ड्रायव्हर 'टाइट' म्हणतात. जास्त ठेवला तर मागचा भाग बाहेर निसटतो, ती 'लूज'. शर्यतीनंतर ड्रायव्हर आणि मेकॅनिक यांचं अर्धं बोलणं या दोन शब्दांत होतं.

शर्यतीआधी पिटमध्ये बराच वेळ एकच काम चाललेलं दिसतं. एक जण पातळ पोलादी टेप टायरच्या मधोमध, रबराच्या माथ्यावरून, गुंडाळतो. टेप तिरपी गेली तर माप चुकतं, म्हणून दुसरा माणूस पलीकडून बोटाने ती दाबून धरतो. इंचाच्या आठव्या भागापर्यंत परीघ वाचला जातो आणि खडूने टायरच्या कडेवर लिहिला जातो. एकाच साच्यातून, एकाच छापाचे आलेले दोन टायरही तंतोतंत सारखे नसतात. त्या आकड्यांवरून जोड्या लावल्या जातात. ही मुभा जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय टायरमध्ये जास्त असते. त्यांचे धागे तिरपे विणलेले असल्याने हवा वाढवली की टायर फुगतो आणि परीघ वाढतो. रेडियल टायरचा पोलादी पट्टा तसं होऊ देत नाही.

इथेच वायूचा नियम शर्यतीत शिरतो. सकाळी २७ अंश तापमानाला टायरमध्ये १५ पीएसआय हवा भरली. गेज वातावरणाचा दाब मोजत नाही, तो मिळवला की खरा दाब २९.७. टायर ८७ अंशांपर्यंत तापला, म्हणजे केल्व्हिनमध्ये ३०० चे ३६०. दाब त्याच प्रमाणात वाढून सुमारे ३५.६ होतो आणि गेज २१ च्या आसपास दाखवतं. दाब वाढला की टायर फुगतो. उजवे टायर जास्त भार सोसतात, जास्त तापतात, म्हणून जास्त फुगतात, आणि शर्यत पुढे सरकते तसतसा स्टॅगर आपोआप वाढत जातो. सुरुवातीला किंचित टाइट असलेली गाडी वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर छान वळायला लागते, आणि सुरुवातीलाच सुरेख वळणारी गाडी शेवटी निसटायला लागते. म्हणून चांगला मेकॅनिक सुरुवातीची गाडी शेवटाच्या हिशेबाने लावतो.

शर्यतीच्या टायरांत नायट्रोजन भरतात, आणि त्याचाच दाखला देऊन आपल्याकडच्या पेट्रोल पंपांवर वीस-तीस रुपयांना 'नायट्रोजन हवा' विकली जाते. टायर थंड राहतो, मायलेज वाढतं, काय काय सांगतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि वर सांगितलेला दाबाचा हिशेब दोन्हींना तसाच लागू पडतो. शर्यतवाल्यांना हवी असते ती कोरडी हवा. ओलसर हवेतल्या पाण्याची वाफ होते आणि दाब किती वाढेल याचा अंदाज बांधता येत नाही. नायट्रोजनचा सिलिंडर म्हणजे कोरड्या वायूची सोपी सोय. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला महिन्यातून एकदा दाब तपासून भरलेली साधी हवा पुरते. नायट्रोजनसाठी पैसे मोजू नका.

आता वजनाकडे येऊ. इथे शाळेत शिकलेलं एक सूत्र थोडं बाजूला ठेवावं लागेल. घर्षण हे भाराच्या प्रमाणात वाढतं, गुणांक स्थिर असतो, असं आपण शिकतो. रबराला ते पूर्णपणे लागू पडत नाही. भार वाढला की रबर आधीच इतकं दाबलं गेलेलं असतं, की डांबराशी खरा संपर्क त्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी दुप्पट भाराला दुपटीहून कमी पकड मिळते. समजुतीसाठी आकडे घेऊ. ३०० किलो भाराला गुणांक १.१, १५० ला १.२ आणि ४५० ला १.० आहे. एका आसावर ६०० किलो समान वाटले तर पकड ६६०. तेच १५० आणि ४५० असे वाटले गेले तर १८० अधिक ४५०, म्हणजे ६३०. वजन तेच, पकड कमी.

वळताना भार उजवीकडे सरकतो. किती सरकतो ते गुरुत्वमध्याची उंची भागिले चाकांमधलं अंतर या गुणोत्तरावर ठरतं. उंची ४० सेंटीमीटर आणि अंतर १.६ मीटर असेल, तर १ जी, म्हणजे गुरुत्वत्वरणाएवढ्या, त्वरणाला वजनाचा पाव हिस्सा. समान वजनाच्या गाडीत मग ७५ टक्के उजवीकडे आणि २५ टक्के डावीकडे, म्हणजे वरचं वाईट उदाहरण. म्हणून इंजिन, बॅटरी, शिशाचे ठोकळे, जे जे सरकवता येईल ते सगळं डावीकडे सरकवतात. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडेच बसतो, त्याचंही वजन कामी येतं. उभ्या गाडीत ५७ टक्के वजन डावीकडे असेल, तर वळणावर वाटणी ३२ आणि ६८ अशी सुधारते आणि त्याच आकड्यांनी पकड ६३० ची ६४४ होते. वळणातला वेग एक टक्क्याहून थोडा जास्त वाढतो. एक फेरी साधारण १४ सेकंदांची आणि त्यातली निम्मी वळणांत धरली, तर फायदा ०.०८ सेकंदाचा. क्लॅशसारख्या २०० फेऱ्यांच्या शर्यतीत हे १६ सेकंद झाले. एक अख्खी फेरी!

याच गणिताचा आणखी एक पदर आहे. मागच्या डाव्या स्प्रिंगवरचा बोल्ट पाना लावून थोडा घट्ट केला, की मागच्या डाव्या आणि पुढच्या उजव्या चाकावरचा भार वाढतो आणि उरलेल्या दोन चाकांवरचा कमी होतो. डावी-उजवी बेरीज बदलत नाही. पण वळणावर मागच्या दोन टायरमधली वाटणी जास्त समान होते, पुढच्या दोघांतली जास्त विषम. मागे पकड वाढते, पुढे घटते आणि गाडी टाइट होते. याला 'वेज' म्हणतात. स्टॅगरने लूज झालेली गाडी वेज वाढवून सावरता येते, आणि उलटही. दोन्ही एकत्र बदलले तर काय होईल, हे सांगायला अनुभवच लागतो.

या जगातही अंधश्रद्धा आहेत. हिरव्या रंगाची गाडी अशुभ, पिटमध्ये टरफलासकट शेंगदाणे आणायचे नाहीत. आपल्या बंपरवरच्या लिंबू-मिरचीच्या त्या सख्ख्या बहिणी. अपघात होतात ते बिघडलेल्या वाटणीने, तापलेल्या टायरने आणि माणसाच्या अंदाजाच्या चुकीने. शेंगांच्या टरफलांनी कुणाचा टायर फुटल्याचं कधी सिद्ध झालेलं नाही.

आणि रात्रीचं म्हणाल, तर अंधार पडल्यावर डांबर निवतं. दुपारच्या सरावात केलेली सगळी मापं तेव्हा थोडी थोडी खोटी ठरतात. टायर कमी तापतो, दाब कमी चढतो, स्टॅगर अपेक्षेएवढा वाढत नाही. त्यामुळे मुख्य शर्यतीआधी बरेच जण पुन्हा टेप काढतात आणि उजव्या मागच्या टायरमध्ये अर्धा-एक पीएसआय हवा वाढवून बघतात. गाड्या रांगेत लागायच्या आधी तेवढाच वेळ हाताशी असतो.