माळावर सोबतीनं धावताना मेंदूत काय होतं?

लांब पल्ल्याच्या ट्रेल रनिंगबद्दल, म्हणजे माळरानाच्या कच्च्या वाटांवरून धावण्याबद्दल, एक समज पक्का आहे: हा एकट्याच्या जिद्दीचा खेळ, सोबती फार तर गप्पांपुरता. सोलापूरकरांनी तरी हे मान्य करू नये. कोजागिरीला इथून तुळजापूरला पायी निघालेली गर्दी आपण दरवर्षी बघतो. पंचेचाळीसेक किलोमीटरची वाट, कित्येकजण अनवाणी. कोपऱ्यावरच्या दुकानाला गाडी काढणारी माणसंही घोळक्यात ती पार करतात. श्रद्धा असतेच, पण शरीरात काय घडतं हा प्रश्न तरीही उरतो.

हिप्परगा तलावाच्या बाजूला पहाटे धावणारा गट बघा. आधी बडबड चालते. पुढे ती थांबते, मुरमाच्या वाटेवर एकामागे एक रांग लागते आणि पावलांचा आवाज एक होत जातो. ठरवून कुणीच करत नाही. मला सगळ्यात जास्त कुतूहल आहे ते या एका लयीचं.

ऑक्सफर्डच्या एमा कोहेन, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या 12 वल्हेपटूंनी यंत्रावर 45 मिनिटं वल्ही मारायची, कधी एकट्यानं, कधी सहाजणांनी मिळून एका लयीत. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून हवा भरत जायची, दुखायला लागलं की सांगायचं. दोन्ही वेळा लावलेला जोर सारखाच होता. तरी एकत्र वल्ही मारल्यावर त्यांना जास्त दाब सोसवला.

पट्टाच का? सरळ रक्त काढून एंडॉर्फिन, म्हणजे शरीरातच बनणारं वेदना दाबणारं रसायन, का मोजलं नाही? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींचा एक कडक जकात नाका आहे. बीटा-एंडॉर्फिन म्हणजे 31 अमिनो आम्लांची साखळी. ती तिथून सहज पलीकडे जात नाही. त्यामुळे रक्तातलं एंडॉर्फिन वाढलं म्हणजे मेंदूतलं वाढलं, असं म्हणता येत नाही. एंडॉर्फिन ज्या यंत्रणेतून काम करतं त्या मेंदूतल्या ओपिऑइड यंत्रणेचा अंदाज वेदना किती सोसवते यावरून बांधावा लागतो. पुरावा आडवळणाचा आहे, हे मान्यच. शिवाय जर्मनीतल्या संशोधकांनी 2021 मध्ये धावपटूंना नाल्ट्रेक्सोन हे औषध दिलं, म्हणजे एंडॉर्फिन जिथं चिकटतं ते ओपिऑइडचे ग्राहीच अडवले, तरी धावल्यानंतरचा उल्हास आला. तो बहुधा एंडोकॅनाबिनॉइड्सचा, म्हणजे शरीरातच बनणाऱ्या, गांजातल्या द्रव्यांसारख्या रसायनांचा असावा. ते मेदात विरघळतात, नाका सहज ओलांडतात. म्हणजे दुखणं दबणं आणि उल्हास वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि सोबतीचा परिणाम पहिलीवर दिसला आहे.

यावरून ‘सामूहिक ऊर्जेच्या कंपनां’चे मेसेज फिरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: तसली कंपनं मोजून कुणी दाखवलेली नाहीत. रक्तदाबाचा पट्टा कुठल्याही दवाखान्यात आहे.

मात्र दुखणं दबलं की धोक्याची सूचनाही दबू शकते, आणि सोलापुरात हे फार जपायला हवं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी असते. एक लिटर घाम वाळताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, पण इथं तो इतक्या झटपट वाळतो की ‘मला घामच येत नाही’ असं वाटतं. बनियनवर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या उमटतात. शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांपुढे गेलं की मेंदूच गोंधळतो, आणि गोंधळलेल्या मेंदूला आपण गोंधळलोय हे कळत नाही. ते दुसऱ्यालाच दिसतं: पावलं वेडीवाकडी पडतात, खजुराची पुडी फोडता येत नाही, उगाच चिडचिड होते.

पाणी ढोसत राहणं हाही उपाय नाही. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावकांपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं, आणि त्यामागचं मोठं कारण होतं जास्त द्रव पिणं. त्यातही माणूस भांबावतो.

म्हणून धावताना सोबत्याला अधूनमधून विचारावं, ‘आता कुठवर आलो रे?’ उत्तर भलतंच आलं तर त्याला थांबवा, सावलीत आडवं करा, 108 ला फोन लावा. उन्हाचे दिवस असतील तर गाडीची वाट बघत न बसता अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध धड नसेल तर तोंडात पाणी घालू नका.